क्लेम फेटाळला? विमा लोकपालाकडे कागद पाठवण्याआधी हे वाचा

आरोग्य विम्याचा क्लेम कंपनीने फेटाळला किंवा कापून अर्धाच दिला, तर दाद मागायला एक जागा अशी आहे जिथे फी भरावी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. ती म्हणजे विमा लोकपाल. केंद्र सरकारने केलेल्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ही कार्यालयं चालतात आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई द्यायचा आदेश कंपनीला देऊ शकतात. नोव्हेंबर २०२३ पर्यंत ही मर्यादा ३० लाखांची होती.

एवढी सोय असूनही अनेकांची तक्रार, आजार काय होता आणि बिल किती झालं हे कुणी वाचण्याआधीच अडते. पत्र भलत्याच कार्यालयाला गेलेलं असतं, मधली पायरी गाळलेली असते, किंवा कधी काय पाठवलं याचा कागदच हातात नसतो. क्लेम खरा की खोटा हा प्रश्न नंतरचा. आधी तारखांचा हिशेब लागतो, आणि तो आपल्यालाच ठेवावा लागतो.

तक्रार ऑनलाइन किंवा ईमेलनेही करता येते. २०२१ च्या दुरुस्तीने तसं नियमातच लिहिलं आहे. ज्यांना जमतं त्यांनी जरूर ऑनलाइन करावी. पण सत्तरीतल्या माणसाने चाळीस पानं मोबाइलवर स्कॅन करायची, फाइल जड झाली म्हणून ती पुन्हा पुन्हा चढवायची, यापेक्षा झेरॉक्स काढून स्पीड पोस्टाने पाठवणं कितीतरी सोपं. टपालाने आलेली सहीची तक्रार नियमांत तितकीच चालते.

आधी कंपनी, मग लोकपाल

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की ते घेऊन थेट लोकपालाकडे जाता येत नाही. आधी विमा कंपनीला लेखी कळवावं लागतं की तुमचा निर्णय मला मान्य नाही. हे पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे जातं. त्याचा पत्ता आणि ईमेल पॉलिसीच्या कागदांत असतो, बहुधा शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत.

इथे दोन घोटाळे हमखास होतात. पहिला टीपीएचा. हॉस्पिटलात कॅशलेसचे कागद बघणारी, फोनवर बोलणारी, पत्रं पाठवणारी टीपीए ही कंपनीने नेमलेली मध्यस्थ संस्था. लोक सगळा पत्रव्यवहार तिच्याशीच करतात. क्लेम नाकारण्याचा अधिकार मात्र विमा कंपनीचा, त्यामुळे लेखी तक्रारही कंपनीकडेच गेली पाहिजे. टीपीएला लिहिलेली दहा पत्रं असली आणि कंपनीला एकही नसलं, तर ती पायरी चढलीच नाही असं धरलं जाऊ शकतं.

दुसरा घोटाळा बिमा भरोसा या पोर्टलचा. ते विमा नियामकाचं, म्हणजे आयआरडीएआयचं आहे. मुख्य कार्यालय हैदराबादला. १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही तिथे तक्रार नोंदवता येते. मात्र नियामक तुमच्या क्लेमचा निवाडा करत नाही. तक्रार कंपनीकडे पाठवतो आणि तिने उत्तर दिलं की नाही यावर लक्ष ठेवतो. कंपनीला हलवायला हा मार्ग चांगला आहे, पण तिथे नंबर मिळाला म्हणजे लोकपालाकडे केस उभी राहिली असं नव्हे.

आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. महात्मा फुले जनआरोग्य योजना, कामगारांची ईएसआयसी, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची सीजीएचएस यांच्या तक्रारींचे रस्ते वेगळे आहेत. जनआरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलातला आरोग्यमित्र किंवा १५५३८८ ही हेल्पलाइन. इथे आपण बोलतोय ते स्वतः काढलेल्या, नाहीतर नोकरीत मिळालेल्या गटविम्याच्या मेडिक्लेमबद्दल. गटविम्यातला कर्मचारीसुद्धा लोकपालाकडे जाऊ शकतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

एकाच पत्राच्या दोन तारखा

आता मुद्द्याची गोष्ट. कंपनीला पत्र पाठवल्यावर तीन शक्यता असतात: कंपनी पुन्हा नकार देते, अर्धवट उत्तर देते, किंवा गप्प बसते. पहिल्या दोन्हींत उत्तर हातात आल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचं. गोंधळ होतो तो कंपनी गप्प बसल्यावर.

गप्प बसलेल्या कंपनीविरुद्ध लोकपालाचं दार उघडतं ते कंपनीला तुमचं पत्र मिळाल्यापासून एक महिन्याने. तिथून पुढे वर्षाची मुदत मात्र मोजली जाते ती पत्र पाठवल्यापासून एक महिना संपला की. एका ठिकाणी पत्र पोहोचल्याची तारीख लागते, दुसऱ्या ठिकाणी पाठवल्याची.

समजा, तुम्ही ५ मार्च २०२५ ला पत्र पोस्टात टाकलं आणि ते कंपनीला ८ मार्चला मिळालं. कंपनीचं उत्तर नाही. ८ एप्रिलच्या आधी लोकपालाकडे तक्रार केली तर ती मुदतीआधीची ठरते. वर्षाची मुदत धरायची ती ५ एप्रिल २०२५ पासून, म्हणजे ५ एप्रिल २०२६ च्या आत तक्रार गेली पाहिजे. उशीर झाला आणि त्याला सबळ कारण असलं, तर लोकपाल तो माफ करू शकतात. पण ते त्यांच्या मर्जीवर, त्यावर विसंबू नये.

म्हणून कंपनीला केलेला फोन, कस्टमर केअरच्या मुलीने दिलेलं आश्वासन, शाखेत जाऊन साहेबांशी झालेलं बोलणं, या कशाचाच इथे उपयोग नाही. पाठवल्याची तारीख पोस्टाच्या पावतीवर असते, पोहोचल्याची ट्रॅकिंगमध्ये. ही दोन चिटोरी फायलीत असली की मुदतीवरून वाद घालायला कुणाला जागा राहत नाही.

पोस्टाच्या खिडकीवर

रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा आता राहिली नाही. २०२५ मध्ये टपाल खात्याने ती स्पीड पोस्टात विलीन केली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाचे नवे दर आले. जुन्या सवयीने 'रजिस्टर एडी करायचंय' असं म्हटलं तर खिडकीवरचा कर्मचारी स्पीड पोस्टच करणार. तेव्हा नेमकं मागायचं: स्पीड पोस्ट, वर रजिस्ट्रेशन. रजिस्ट्रेशनचे पाच रुपये आणि त्यावर जीएसटी एवढाच जादा खर्च. त्यामुळे पाकीट पत्त्यावरच्या व्यक्तीच्या किंवा तिने नेमलेल्या माणसाच्याच हाती द्यायचं बंधन येतं.

या पाच रुपयांत कंजुषी नको. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २७ मध्ये टपालाने केलेल्या बजावणीबद्दल एक गृहीतक आहे. पत्ता बरोबर, पैसे पुरते भरलेले आणि पत्र रजिस्टर केलेलं असेल, तर ते नेहमीच्या वेळेत पोहोचलं असं धरलं जातं. पोहोचलं नाही हे दाखवायची जबाबदारी मग दुसऱ्या बाजूवर येते. हे कलम टपालाबद्दल बोलतं, खासगी कुरिअरबद्दल नाही. कुरिअरवाला उद्याच पोचवून देईल, त्याच्याकडेही सही घेतलेला कागद असेल, पण कायद्याचं हे पाठबळ त्याला नाही. मी तरी असे कागद कुरिअरने पाठवायचा सल्ला कुणाला देत नाही.

खर्च किती? ए-फोर आकाराचा नेहमीचा कागद साधारण पाच ग्रॅमचा. चाळीस पानं आणि जाड खाकी पाकीट मिळून वजन २५० ग्रॅमच्या आत बसतं. या वजनाला त्याच शहरात २४ रुपये, २०० किलोमीटरपर्यंत ५९ आणि ५०१ ते १००० किलोमीटरसाठी ६८ रुपये, वर जीएसटी. म्हणजे नागपुराहून पुण्याला पाठवलं तरी शंभराची नोट पुरते.

पावतीवर तेरा अक्षरी नंबर असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन. घरी आल्यावर पहिलं काम या पावतीची झेरॉक्स काढायची. ती थर्मल कागदावर छापलेली असते, उन्हाळाभर कपाटात राहिली की पांढरी पडते. आणि वर्षभराने नेमकी तीच लागते. ट्रॅकिंगमध्ये 'डिलिव्हर्ड' दिसलं की त्या पानाचं प्रिंट काढून तेही जोडून ठेवा. पाकिटात काय काय घातलं त्याची यादी पत्राच्या शेवटी लिहायची, पानांच्या संख्येसह. 'सोबत कागद नव्हते' हे उत्तर त्यामुळे देता येत नाही.

मूळ कागद कुठेही पाठवायचे नाहीत. कंपनीला क्लेमच्या वेळी मूळ बिलं गेलेलीच असतात, म्हणून तेव्हाच झेरॉक्स काढून ठेवलेली असावी. लोकपालाकडे फक्त प्रती जातात, प्रत्येकीवर तुमची सही.

पत्रात लिहायचं काय

लोकांना वाटतं की झालेला मनस्ताप सविस्तर लिहिला की न्याय मिळतो. लोकपालाला हवी असते ती साधी माहिती: तुमचं नाव-पत्ता, कंपनीच्या कुठल्या कार्यालयाविरुद्ध तक्रार आहे, पॉलिसी आणि क्लेम नंबर, काय घडलं ते तारीखवार, किती नुकसान झालं आणि नेमकं काय हवं. दोन पानांत हे बसतं. शेवटचा मुद्दा, म्हणजे मागणीचा आकडा, बहुतेक जण मोघम ठेवतात. 'योग्य ती रक्कम मिळावी.' योग्य ती म्हणजे किती, ते तुम्हीच मांडायचं असतं.

खोलीच्या भाड्यावरून होणारी कपात बघू. पॉलिसी चार लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ४,०००. हॉस्पिटलात ६,००० ची खोली घेतली, चार दिवस राहिलात. एकूण बिल १,८०,०००. त्यात खोली २४,०००, सर्जन, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून ६६,०००, औषधं ४०,०००, इम्प्लांट ३०,०००, तपासण्या २०,०००. कंपनी म्हणते, तुम्ही दीडपट महाग खोली घेतली, म्हणून सगळ्या बिलाचा एक तृतीयांश कापला. हातात आले १,२०,०००.

असं सरसकट कापता येत नाही. प्रमाणात कपात करायची तर ती खोलीच्या दर्जानुसार बदलणाऱ्या खर्चांवर. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या त्यातून वगळायच्या, असं नियामकाने २०२० मध्येच सांगितलं आहे. आयसीयूच्या भाड्यालाही ही कपात लागू होत नाही. आता हिशेब पुन्हा करा. खोलीचे १६,०००, सर्जन वगैरेंच्या ६६,००० चे दोन तृतीयांश म्हणजे ४४,०००, आणि उरलेले ९०,००० पूर्ण. एकूण १,५०,०००. म्हणजे मागणी करायची ती ३०,००० ची.

कापलेले सगळे ६०,००० मागितले असते तर काय बिघडलं असतं? अर्ज फेटाळला गेला नसता कदाचित, पण महाग खोलीचा फरक तुमच्याच खिशातून जायचा होता, हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. हिशेब मांडून तीस हजार मागणाऱ्याचं म्हणणं ऐकणाऱ्याला लगेच कळतं. पॉलिसीतलं ते पान, बिलाची फोड आणि हा हिशेब असे तीन कागद एकापाठोपाठ लावा.

दुसरा नेहमीचा वाद जुन्या आजाराचा. हृदयविकाराने माणूस दाखल होतो, आणि डिस्चार्ज कार्डावर 'हिस्टरी'च्या रकान्यात लिहिलेलं असतं: 'के/सी/ओ एचटीएन, टेन इयर्स'. म्हणजे दहा वर्षांपासून रक्तदाबाचा रुग्ण. पॉलिसी चार वर्षांपूर्वीची. झालं, आजार लपवला म्हणून क्लेम नामंजूर. ही ओळ कशी उमटली ते बघितलं पाहिजे. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, बीपी आहे का, किती वर्षं? घाबरलेला मुलगा म्हणतो, असेल आठ-दहा वर्षं. ते कागदावर चढतं आणि तिथून प्रत्येक फॉर्मवर नकलत जातं. खरंच रक्तदाब दोन वर्षांपूर्वी निघाला असेल, तर पहिल्यांदा गोळी लिहून देणाऱ्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी, त्या वेळचे रिपोर्ट आणि त्यांचं तारखेसह पत्र, हे लोकपालाच्या फायलीत सगळ्यात वर हवं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू असेल तर प्रश्न बराच सोपा होतो. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार पाच वर्षांनंतर माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. आधी ही मुदत आठ वर्षांची होती.

हॉस्पिटलातले इनडोअर केस पेपर, म्हणजे नर्स आणि डॉक्टरांनी रोज केलेल्या नोंदी, हेही मागून घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात आणि डॉक्टरांनी त्या तीन वर्षं जपून ठेवायच्या असतात. मागणीही लेखीच करा, आणि पोच घ्या. काउंटरवर 'असं देता येत नाही' म्हणतील. नियमाचं साल सांगितलं की सूर बदलतो, असा अनुभव आहे.

पाकिटावर पत्ता कुठला

तुम्ही राहता तो भाग किंवा कंपनीचं संबंधित कार्यालय ज्याच्या हद्दीत येतं, त्या लोकपालाकडे तक्रार करायची. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याची कार्यालयं जुनी. गोवा मुंबईकडे आहे. बेळगावकरांना बंगळुरू, इंदूरकरांना भोपाळ, बडोदेकरांना अहमदाबाद. मुंबईच्या आसपास, नवी मुंबई-ठाणे पट्ट्यात राहणाऱ्यांनी मात्र कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये, हद्दी कधी कधी बदलतात. लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर जिल्हावार यादी आणि ताजा पत्ता असतो. पॉलिसीवर छापलेला पत्ता जुना असण्याची शक्यता बरीच, कारण कंपन्या ती पानं वर्षानुवर्षं बदलत नाहीत.

तक्रार विमेदाराने स्वतः, किंवा तो हयात नसेल तर वारसाने किंवा नॉमिनीने करायची. 'क्लेम काढून देतो, वीस टक्के घेईन' म्हणणारे सल्लागार हल्ली बरेच झालेत. ते फार तर पत्र लिहून देतील, सही तुमचीच लागणार. एवढ्यासाठी वीस टक्के द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर देऊ नये.

आणखी एक अट आहे. त्याच क्लेमवर ग्राहक आयोगात किंवा कोर्टात केस चालू असेल, किंवा निकाल लागलेला असेल, तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल, मग वाटल्यास आयोग, हा क्रम शहाणपणाचा.

दुसरं पाकीट

तक्रार पोहोचल्यावर लोकपाल कार्यालयाकडून एक ठरावीक नमुना येतो. त्यात तीच माहिती पुन्हा भरून, सही करून परत पाठवायची असते. लोकांना वाटतं, हे तर आपण आधीच लिहिलंय, आणि तो कागद टीव्हीखाली पडून राहतो. तो गेल्याशिवाय पुढचं काही सरकत नाही. तीन महिन्यांत निवाडा देण्याची जी मुदत नियमात आहे, तीही सगळी पूर्तता मिळाल्यापासून मोजतात, पहिलं पत्र मिळाल्यापासून नाही. तेव्हा नमुना आल्याच्या दोन दिवसांत तो उलट टपाली गेला पाहिजे, पुन्हा स्पीड पोस्टानेच, आणि पाकिटावर त्यांनी दिलेला तक्रार क्रमांक ठळक लिहून.

मग सुनावणी. ती व्हिडिओवरही होते. कंपनीचा माणूस असतो, तुम्ही असता, वेळ थोडा असतो. फायलीला पान क्रमांक घातलेले असतील तर 'पान सतरा बघा' एवढं म्हणून काम होतं.

दोन्ही बाजू तयार असतील तर लोकपाल मध्यस्थी करून शिफारस देतात. ती मान्य असेल तर पंधरा दिवसांत तसं लेखी कळवावं लागतं, तिथेही तारीख आलीच. मध्यस्थीने सुटलं नाही तर निवाडा. तो कंपनीवर बंधनकारक, आणि तीस दिवसांत पाळायचा. न पाळल्यास दिवसाला ५,००० रुपयांप्रमाणे तक्रारदाराला द्यायचे, असं नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे.

तुमच्यावर मात्र तो निवाडा बंधनकारक नाही. विरुद्ध गेला तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा असतो. तिथली मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि लोकपालाकडे गेलेला वेळ त्यातून आपोआप वजा होईल असं धरून चालू नका. तिथे फी ठरते ती भरलेल्या हप्त्यावर, मागितलेल्या क्लेमवर नाही, आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे.